गोव्यातील सार्वजनिक उद्यानांत आणि किनाऱ्यांवर मेटल डिटेक्टर वापरताना: नवागतांसाठी नियम आणि रीत

गोव्यात मेटल डिटेक्टर घेऊन फिरणाऱ्या माणसाला पहिला प्रश्न हमखास विचारला जातो तो म्हणजे, "कितें, भांगर मेळ्ळें?" (काय, सोने मिळाले?) त्या प्रश्नाला हसून उत्तर देता येते. या लेखात मात्र मला दुसऱ्याच एका प्रश्नाविषयी लिहायचे आहे. तो सहसा कोणी विचारत नाही, पण यंत्र सुरू करण्यापूर्वी प्रत्येक नवागताने स्वतःला विचारला पाहिजे: ही जमीन कोणाची आहे, आणि मी येथून निघून गेल्यावर ती होती तशीच राहील काय?

पायाळू माणसाला जमिनीतले धन दिसते आणि त्या धनावर राखणदार बसलेला असतो, असे ऐकत आपल्यापैकी बहुतेक जण लहानाचे मोठे झालो. आता पायाळूची जागा यंत्राने घेतली आहे आणि राखणदाराची जागा कायद्याने. अडचण अशी की नवागत बहुधा परदेशी व्हिडिओ पाहून या छंदाकडे वळतो आणि तिकडचे नियम इकडेही चालतील असे गृहीत धरतो. इंग्लंडमध्ये सापडलेल्या धनाविषयी १९९६ चा स्वतंत्र कायदा आहे आणि सापडलेल्या वस्तूंची नोंद करण्याची सुस्थापित व्यवस्था आहे. तेथे शेतकऱ्याच्या संमतीने नांगरलेल्या शेतात दिवसभर फिरणारा छांदिष्ट बेकायदेशीर काही करत नसतो. उलट पोर्तुगालमध्ये १९९९ च्या कायद्याने पुरातत्त्वीय वस्तूंच्या शोधासाठी परवानगीशिवाय डिटेक्टर वापरण्यास मनाई केली आहे, हे तिकडे नातेवाईक असलेल्या आणि सुटीत यंत्र सोबत नेऊ पाहणाऱ्या गोमंतकीयांनी लक्षात ठेवावे. आपल्याकडचे नियम या दोन्हींहून वेगळे असून ते एका ठिकाणी लिहिलेले नाहीत. ते अनेक नव्या-जुन्या कायद्यांत विखुरलेले आहेत आणि उरलेले शेजारधर्मात.

जागा कोणाची, हे आधी ठरवावे

यंत्र जमिनीवरून फिरवणे आणि जमीन उकरणे या दोन वेगळ्या कृती आहेत. पहिलीने कोणाचे फारसे नुकसान होत नाही. दुसरीसाठी मालकाची संमती लागते, आणि "सार्वजनिक" या शब्दाचा अर्थ "बिनमालकीची" असा होत नाही. पणजीतील गार्सिया द ओर्ता उद्यान किंवा कांपालचे उद्यान येथे बसण्याचा, फिरण्याचा आणि मुलांना खेळवण्याचा हक्क सर्वांना आहे. तेथील हिरवळीत खुरपे घालण्याचा हक्क मात्र त्यातून मिळत नाही. पणजीसाठी महानगरपालिका, म्हापसा, मडगाव, फोंडा, वास्को यांसारख्या शहरांत नगरपालिका आणि गावात पंचायत, असा साधारण क्रम धरून चौकशी सुरू करावी.

शहराबाहेर पडल्यावर गोष्ट अधिक गुंतागुंतीची होते, कारण गोव्यात मोकळे दिसणारे माळरान बहुधा कोणाचे तरी असतेच. ते कोमुनिदादीचे, म्हणजे गावाची सामायिक जमीन सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेचे असेल, देवस्थानाचे असेल, चर्चचे असेल किंवा एखाद्या भाटकाराचे (जमीनमालकाचे) असेल, जो स्वतः मुंबईत राहतो पण ज्याचा मुंडकार, म्हणजे त्याच्या जमिनीवर घर करून राहणारा माणूस, समोरच्या घरातून आपल्याकडे पाहत असतो. मुंडकाराचा होकार हा मालकाचा होकार नव्हे; तरीही त्याला न विचारता आत शिरणे उद्धटपणाचे आहे, तेव्हा दोघांनाही विचारावे. देवराई, देवचाराचे (गावाच्या राखणदाराचे) स्थान, स्मशान आणि दफनभूमी येथे विचारायलाही जाऊ नये. खाजन शेतीच्या, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेल्या शेतीच्या, बांधावर तर खुरपे लावूच नये, कारण तो बांध खारे पाणी अडवतो आणि खेकड्याच्या बिळानेही त्याला भगदाड पडू शकते, मग माणसाने केलेल्या खड्ड्याची गोष्टच सोडा. अभयारण्यांचा विचार मनातून काढून टाकावा.

जेथे यंत्र गाडीतून बाहेरही काढू नये

जुने गोवे, तांबडी सुर्ल्याचे महादेव मंदिर, आग्वाद, शापोरा, रेइश मागुश, काब द राम, हळर्ण यांसारखे किल्ले, चांदोरचा जुना कोट, गोवा वेल्हा परिसरातील गोपकपट्टण या कदंबकालीन राजधानीच्या खुणा: नवागताला सर्वांत मोह होतो तो याच जागांचा, आणि या जागांना त्याने सर्वांत दूर ठेवले पाहिजे. यांपैकी काही स्थळे १९५८ च्या केंद्रीय कायद्याखाली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणात आहेत, तर काही १९७८ च्या गोवा, दमण आणि दीव प्राचीन स्मारक कायद्याखाली राज्याच्या. केंद्रीय संरक्षण असलेल्या स्मारकाभोवती, २०१० च्या दुरुस्तीनुसार, शंभर मीटरचे प्रतिबंधित आणि त्यापुढे आणखी दोनशे मीटरचे नियंत्रित क्षेत्र असते. ते बांधकाम आणि खाणकाम यांच्यासाठी आखलेले असले, तरी छांदिष्टानेही ही तीनशे मीटरची रेषा स्वतःहून पाळावी असे माझे मत आहे. जुन्या गोव्यात तर तेवढ्यानेही भागत नाही; तेथे आजची नारळी बाग काल रस्ता होती.

हा कडकपणा कशासाठी, हे समजून घेतले तर तो पाळणे सोपे जाते. गोव्यावर राज्य केलेल्या कदंब घराण्याचे एखादे सुवर्ण गद्याणक (नाणे) मातीच्या कोणत्या थरात, कोणत्या खापरांशेजारी आणि कोणत्या भिंतीच्या पायाशी पडले होते, यावरून अभ्यासक त्या भिंतीचा काळ सांगू शकतो. तेच नाणे आपण उपटून खिशात घातले की त्याचे वजन आणि भाव तेवढा उरतो. भिंतीविषयी ते काही सांगू शकत नाही. म्हणूनच पुरातत्त्वीय हेतूने उत्खनन करायचे असल्यास, जागा संरक्षित नसली तरी, खुद्द राज्य सरकारलाही केंद्राची पूर्वमंजुरी घ्यावी लागते. जे सरकारला करता येत नाही ते आपल्याला रविवारी सकाळी खुरप्याने करता येईल, असे समजण्यात अर्थ नाही.

परवानगीचा अर्ज

अर्ज एका पानाचा असावा. नाव, पत्ता, कोणत्या उद्यानात, कोणत्या तारखेला, किती ते किती वाजेपर्यंत, यंत्र कोणते, खोदाई किती खोल (मी दहा सेंटिमीटर लिहितो आणि तेवढीच पाळतो), खड्डा कसा बुजवणार आणि मौल्यवान वस्तू मिळाल्यास कोणाला कळवणार, एवढे त्यात यावे. "संपूर्ण उद्यान" असे न लिहिता एखादा तुकडा मागावा: बाकांखालची मोकळी माती, घसरगुंडीभोवतीची वाळू, पायवाटेची कड. अशा ठिकाणी हिरवळ नसते आणि लोकांच्या खिशातून वस्तू पडतात त्याही येथेच, त्यामुळे माळ्याचा आणि आपला, दोघांचाही फायदा होतो. उत्तर आले नाही तर तो होकार समजू नये. नकार आला तर वाद घालू नये. सहा महिन्यांनी पुन्हा विचारावे. मिळालेले पत्र मोबाइलमध्ये छायाचित्र म्हणून न ठेवता कागदावर जवळ बाळगावे, कारण गणवेशातील माणसाला कागदाने जेवढे समाधान मिळते तेवढे पडद्याने मिळत नाही, असा माझा अनुभव आहे.

सराव घराच्या परसात

सार्वजनिक जागी जाण्यापूर्वी निदान महिनाभर परसात सराव करावा. एक, दोन, पाच आणि दहा रुपयांची नाणी, एक जुनी अंगठी, बिअरच्या बाटलीचे बूच, चॉकलेटची चांदी आणि एक खिळा, हे सर्व वेगवेगळ्या खोलीवर पुरून प्रत्येकाचा आवाज कानात बसवावा. यातून दोन गोष्टी ध्यानात येतात, ज्या परदेशी व्हिडिओ सांगत नाहीत. पहिली म्हणजे आपली अलीकडची एक आणि दोन रुपयांची नाणी चुंबकाला चिकटणाऱ्या पोलादाची असल्यामुळे यंत्र त्यांना बहुधा लोखंडच समजते. "लोखंड वगळा" हे बटण दाबले की नाणीही गेली. दुसरी म्हणजे सोन्याची लहान अंगठी आणि अॅल्युमिनियमचा चुरगळलेला तुकडा यांचे आकडे पडद्यावर जवळजवळ सारखे दिसतात, त्यामुळे अंगठी शोधणाऱ्याला कचराही उकरावाच लागतो. उद्यानात याचा अर्थ असा की खड्ड्यांची संख्या वाढते. म्हणून मी नवागताला स्पष्ट सांगतो: उद्यानात लोखंड खुशाल वगळा, दोन रुपयांची नाणी जाऊ द्या, आणि अंगठीचा शोध कोरड्या वाळूसाठी राखून ठेवा.

तिसरी अडचण मातीची. गोव्याची तांबडी जांभ्याची माती लोहयुक्त असल्यामुळे स्वस्त यंत्र तेथे सारखे कुरकुरत राहते. ग्राउंड बॅलन्स, म्हणजे यंत्राला त्या जागेच्या मातीची ओळख करून देण्याची सोय, नीट शिकून घ्यावी. संवेदनशीलता कमी करावी. आणि चिऱ्यांच्या भिंतीजवळ मिळणाऱ्या प्रत्येक आवाजावर विश्वास ठेवू नये. डिचोली-सांगेच्या खाणपट्ट्यात राहणाऱ्यांनी यंत्र घेण्यापूर्वी ते आपल्या अंगणात चालवून पाहिलेले बरे.

उद्यानातील खड्डा

या लेखातील सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे. पत्र खिशात असले तरी उद्यानातल्या माणसांची मने जिंकावी लागतात ती खड्ड्यागणिक.

सकाळी लवकर जावे, परंतु दिवस उजाडल्यावरच. अंधारात बॅटरी घेऊन जमिनीवर वाकलेला माणूस पाहून कोणीही पोलिसांना फोन करील आणि ते योग्यच आहे. आत शिरताच माळ्याला किंवा मुकादमाला भेटून पत्र दाखवावे आणि पाण्याच्या नळ्या व दिव्यांच्या तारा कोठून गेल्या आहेत ते विचारून घ्यावे. मी पहिल्या वर्षी हा प्रश्न विचारला नव्हता. एका उद्यानात कडेच्या मातीतून इतका स्वच्छ, गोड आवाज आला की मी खुरपे जोरात रोवले, आणि पुढच्या क्षणी ठिबक सिंचनाच्या नळीतून उडालेले पाणी माझ्या तोंडावर आले. तो गोड आवाज नळीच्या पितळी जोडाचा होता. नळीचे पैसे मी दिले, चिखल मी साफ केला, आणि त्या माळ्याने पुढचे दोन महिने मला फाटकावरूनच नमस्कार करून परत पाठवले.

हेडफोन लावावेत, म्हणजे शांततेसाठी आलेल्या लोकांना आपल्या यंत्राची पिरपिर ऐकावी लागत नाही. मात्र एक कान मोकळा ठेवावा. आवाज मिळाल्यावर यंत्र उभे-आडवे फिरवून नेमकी जागा निश्चित करावी. ही जागा जितकी नेमकी, तितका खड्डा लहान; पिनपॉइंटर नावाचे हातात मावणारे छोटे यंत्र त्यासाठीच असते आणि मोठ्या यंत्रावर जास्त पैसे घालण्याआधी ते घ्यावे. वस्तू दोन-तीन सेंटिमीटरवर असेल तर खोदण्याची गरजच नसते, बोथट स्क्रू-ड्रायव्हरने ती अलगद वर काढता येते.

हिरवळीत खोदण्याची परवानगी असेलच, तर गवताचा वाटोळा गोळा पूर्ण कापून वेगळा काढू नये. तीन बाजूंनी घोड्याच्या नालेसारखा काप घ्यावा आणि चौथी बाजू जोडलेली ठेवून तो तुकडा पेटीच्या झाकणासारखा उलटावा. त्यामुळे मुळे जिवंत राहतात आणि कावळा किंवा कुत्रा तो तुकडा ओढून नेत नाही. सुटी माती जुन्या गोणपाटावर किंवा कापडावर काढावी, वस्तू घेतल्यावर पिनपॉइंटरने खड्डा पुन्हा तपासावा, माती परत ओतावी, झाकण मिटून पायाने दाबावे आणि बाटलीतले पाणी घालावे. दहा पावले मागे जाऊन पाहावे: खड्डा कोठे होता हे आपल्यालाच सांगता आले तर काम पुरे झालेले नाही. मार्च ते मे या कोरड्या महिन्यांत हिरवळ मुळी खोदूच नये, कारण कितीही काळजी घेतली तरी तो तुकडा पिवळा पडतो. झाडाच्या फांद्यांचा घेर जेथवर पोहोचतो तेथवर मुळे असतात असे धरून तेवढी जागा सोडावी, आणि फुलांच्या वाफ्यांकडे तर पाहूही नये.

मुले जमतात. त्यांना हाकलू नये. नाणे निघाले तर ते त्यांच्या हातात देऊन दाखवावे, पण खुरपे देऊ नये. निघालेला कचरा, म्हणजे बुचे, चांदी, गंजके खिळे, फुटकी काच, पिशवीत भरून न्यावा आणि जाताना माळ्याला दाखवावा. पुढच्या परवानगीसाठी दुसरी कोणतीही शिफारस लागत नाही.

किनारा

नवागतासाठी गोव्यातील सर्वांत चांगली शाळा म्हणजे कोरडी वाळू. तेथे खड्डा बुजवणे सोपे, माती त्रास देत नाही, आणि वस्तू कालपरवा हरवलेल्या असतात. किनाऱ्याची व्यवस्था पर्यटन खाते पाहते आणि पर्यटनस्थळांच्या संरक्षणासाठी २००१ चा स्वतंत्र कायदा आहे, तेव्हा स्थानिक पोलिसांना आणि जीवरक्षकांना आधी सांगून ठेवावे. शॅकच्या, म्हणजे किनाऱ्यावरील तात्पुरत्या उपाहारगृहाच्या, खाटांमध्ये शॅकवाल्याला विचारल्याशिवाय शिरू नये. हरवलेल्या वस्तूविषयी गिऱ्हाईक प्रथम त्यालाच विचारते. वाळूतला खड्डाही बुजवलाच पाहिजे, कारण पहाटे धावणाऱ्या माणसाचा पाय त्यात मुरगळतो.

रापण (किनाऱ्यावरून ओढायचे मोठे मासेमारीचे जाळे) ओढली जात असेल तर दूर थांबावे, दोरांवरून उडी मारून पलीकडे जाऊ नये. ओल्या वाळूत खाऱ्या पाण्यामुळे साधी यंत्रे खोटे आवाज देतात. तेथे अनेक वारंवारतांवर चालणारे यंत्र लागते. पूर्ण ओहोटी होण्याच्या दोन तास आधी निघून पाण्यामागोमाग खाली जावे आणि पाणी फिरले की परतावे. पावसाळ्यात लाटा किनाऱ्याची वाळू आत ओढून नेतात आणि पाऊस सरल्यावर ती हळूहळू परत येते, त्यामुळे सप्टेंबरअखेरीस जड वस्तू वर असण्याची शक्यता जास्त. पण जून ते सप्टेंबर समुद्र खवळलेला असतो, तेव्हा पाण्यात पाऊल घालू नये. चतुर्थीनंतर विसर्जनाच्या जागी वाळूत पूजेचे साहित्य, तांब्याची-पितळेची छोटी भांडी मिळतात. ती कोणी हरवलेली नसतात, अर्पण केलेली असतात. ती तशीच राहू द्यावीत.

मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग या किनाऱ्यांवर साधारण नोव्हेंबरपासून ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. घरटे वाळूत जेमतेम दीड फूट खोल असते आणि वरून ते ओळखू येत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत या कासवाला संरक्षण आहे. वनखात्याने कुंपण घातलेली घरटी दिसतात, पण न सापडलेलीही असू शकतात. म्हणून नोव्हेंबर ते मे या काळात या चार किनाऱ्यांवर यंत्र नेऊच नये. बाकीचा एवढा मोठा किनारा मोकळा आहे.

सापडल्यावर

येथे दोन प्रकार वेगळे ओळखावेत. परवाच्या रविवारी पडलेली अंगठी, मंगळसूत्र किंवा घड्याळ यांचा मालक जिवंत आहे आणि बहुधा ती शोधतो आहे. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे सापडलेली वस्तू ताब्यात घेणाऱ्यावर ती जपण्याची जबाबदारी येते, आणि मालक शोधण्याचा वाजवी प्रयत्न न करता ती वापरणे किंवा विकणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ खाली अप्रामाणिक अपहाराचा गुन्हा ठरू शकतो. वस्तू मिळालेली जागा आणि वेळ लिहून ठेवावी, शॅकवाला, जीवरक्षक आणि जवळचे पोलीस ठाणे यांना कळवावे. वस्तूचे पूर्ण छायाचित्र कोठेही टाकू नये. "अमुक किनाऱ्यावर अंगठी मिळाली" एवढेच सांगावे आणि आतल्या बाजूला काय कोरले आहे, खडा कोणत्या रंगाचा, हे मागणाऱ्याकडून वदवून घ्यावे. बक्षीस मागू नये. दिले तर घ्यायचे की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न; मी चहा घेतो.

गंजलेले काडतूस किंवा गोळ्यासारखी जड, अनोळखी वस्तू लागली तर हात न लावता लोकांना दूर ठेवावे आणि ११२ वर कळवावे.

दुसरा प्रकार जुन्या धनाचा. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडल्यास १८७८ चा भारतीय निखात निधी कायदा लागू होतो. दहा रुपयांची ती मर्यादा त्या काळची आहे. अशा वेळी खोदणे तेथेच थांबवावे. शेजारी आणखी काय आहे हे पाहण्याचा मोह आवरावा, नाणे चिंच-मीठ लावून घासू नये, कारण घासलेल्या नाण्यावरील अक्षरे पुन्हा येत नाहीत. वस्तूचे स्वरूप, अंदाजे किंमत, जागा आणि तारीख लिहून जिल्हाधिकाऱ्यांना शक्य तितक्या लवकर लेखी सूचना द्यावी, आणि वस्तू सरकारी कोषागारात जमा करावी किंवा मागितल्यावर हजर करण्याची हमी द्यावी. त्यानंतर जिल्हाधिकारी जाहीर सूचना काढतात आणि हक्क सांगणाऱ्यांना चार ते सहा महिन्यांच्या दरम्यानची तारीख देतात. मालक कोणीच नाही असे ठरले आणि जागामालकाशी वेगळा करार नसेल, तर तीन चतुर्थांश शोधणाऱ्याला व एक चतुर्थांश जागामालकाला, अशी वाटणी त्या कायद्यात आहे. सरकारला ती वस्तू हवी असल्यास ती ज्या द्रव्याची बनली आहे त्याच्या किमतीवर एक पंचमांश जास्त देऊन ती घेता येते. सूचना न देणाऱ्याचा मात्र हा वाटा जातो आणि वर एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येत असल्यामुळे ती परदेशी असलेल्या भावाला पाठवून देणे हा तर आणखी वेगळा गुन्हा आहे.

जुना पोर्तुगीज तांगा किंवा १९५८ चा एस्कुदो, असे पोर्तुगीज काळातले एखादे नाणे एकटेच मिळाले तर एवढे सगळे करायचे काय, असे मला नेहमी विचारले जाते. मी जिल्हाधिकाऱ्यांना पत्र देतो. एका तासाचे काम आहे, आणि त्या नाण्याविषयी नंतर कोणाला काही समजावत बसावे लागत नाही. पत्राच्या दोन प्रती न्याव्यात, आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का पडल्याशिवाय कचेरीतून बाहेर पडू नये.